बुद्धीला खाद्य कशाचं?

अमरावतीत राजापेठेतून बडनेऱ्याच्या वाटेला लागलं की क्लासच्या पाट्यांवर शिक्षणातलं एक जुनं भांडण वाचायला मिळतं. एक पाटी अभ्यासक्रम पूर्ण करून देते, दुसरी मुलाची बुद्धी तल्लख करून देते. आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेत तर हे दोन्ही पक्ष समोरासमोरच बसवलेत: बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न, शालेय क्षमता चाचणीचे ९०. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातलं पोर त्यात निवडलं गेलं, तर वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. कास्तकाराच्या घरी ही रक्कम लहान नाही.

भांडण मात्र या परीक्षेहून जुनं आहे. लॅटिन आणि भूमिती मेंदूला धार लावतात, पुढे विसरली तरी चालतील, असं युरोपात पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टला ते अमान्य होतं. आधी मनात साठलेल्या कल्पनाच नव्या कल्पनेला जागा देतात, हे त्याचं म्हणणं. १९०१ साली थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगच केले. आकृत्यांचं क्षेत्रफळ नजरेनं सांगण्याचा सराव माणसांना दिला; माप किंवा आकार बदलला की सरावाचा फायदा बराच घटला.

वरुड-मोर्शीत हे कुणाला पटवावं लागणार नाही. तिथला मुरलेला व्यापारी संत्र्याच्या बागेत एक फेरी मारून माल किती निघेल ते सांगतो. कपाशीच्या वावरात त्याला ते जमेलच असं नाही. त्याची नजर संत्र्यातच तयार झालेली असते.

आता बुद्धिमत्तेचा म्हणून विचारला जातो तसा एक प्रश्न घ्या: १, ८, २७, ६४, पुढे काय? घन पाठ असलेली पोरगी १२५ लिहून मोकळी होते. ज्याला ते ठाऊक नाहीत तो वजाबाक्या करतो, ७, १९, ३७ काढतो आणि बहुधा तिथंच अडकतो. यात बुद्धीचा फरक किती आणि माहितीचा किती? नुसते घन घोकून ते ओळखता न येणारी मुलंही असतात, हे मला मान्य आहे. पण त्यावर उपाय तेच घन वेगवेगळ्या गणितांत वापरायला लावणं हा आहे. विषय बाजूला ठेवून बुद्धी वाढवण्याचा वेगळा तास हा नाही.

म्हणून पालकांना कळकळीची विनंती: बुद्धिमत्तेच्या क्लासची फी भरण्याआधी एकदा शाळेत जा. विज्ञानाचा तास नेमानं होतो का, प्रयोगाचं सामान पोरांच्या हातात पडतं का, हे मुख्याध्यापकांना विचारा.