नकाराचं पत्र आलं? मग हे वाचा



आज एखाद्या आजाराबद्दल नाही, तर एका चिठ्ठीबद्दल लिहितो आहे. ती चिठ्ठी मीच लिहिली होती आणि ती अपुरी होती. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मेलबर्नमधल्या माझ्या दवाखान्यात एक मराठी जोडपं येतं. काकांचं वय ५८. पक्षाघातानंतर उजवा हात-पाय कमजोर झाला आणि बोलताना शब्द सापडेनासे झाले. त्यांनी एनडीआयएससाठी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेसाठी अर्ज केला. मी लिहून दिलं, "पक्षाघात. प्रकृती स्थिर. स्वतः चालतात." यात खोटं काहीच नव्हतं. अर्ज नामंजूर झाला.

"जाऊ द्या डॉक्टर," काकू म्हणाल्या, "सरकारनं नाही म्हटलं, म्हणजे नाही."

तसं नसतं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

नकार का येतो?

या योजनेच्या २०१३ च्या कायद्याला केवळ आजाराचं नाव पुरत नाही. अपंगत्व कायमचं आहे का, आणि त्यामुळे संवाद, लोकांत मिसळणं, शिकणं, हालचाल, स्वतःची देखभाल किंवा स्वतःचे व्यवहार यांपैकी कशात तरी क्षमता बरीच कमी झाली आहे का, हे पाहिलं जातं. 'स्वतः चालतात' एवढं वाचून अधिकाऱ्याला काय कळणार?

मग मी काकूंना विचारलं, "सकाळपासून यांचं काय काय करावं लागतं?"

"आंघोळ मीच घालते. बटणं मी लावते. दुकानात काय हवं ते यांना सांगता येत नाही, म्हणून एकटं पाठवतच नाही. रात्री हे उठले की मीही उठते, पडतील म्हणून."

दोन वर्षं ते माझ्याकडे येत होते. मी हे कधी विचारलंच नव्हतं.

पुढे काय करता येतं?

१. नकाराचं पत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत योजनेकडेच फेरतपासणी मागायची. ती दुसरा अधिकारी करतो. ही पायरी गाळता येत नाही.

२. तिथेही नकार आला, तर २८ दिवसांत ट्रायब्युनलकडे अर्ज करायचा. हे प्रशासकीय फेरविचार न्यायाधिकरण १४ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या ट्रायब्युनलच्या जागी आलं आहे. या प्रकरणांना फी नाही आणि दुभाषाही मोफत मिळतो.

ट्रायब्युनल नेमकं काय करतं?

हे सेकंड ओपिनियनसारखं आहे. दुसरा डॉक्टर फक्त पहिल्याची चूक शोधत बसत नाही. तो पेशंटला नव्यानं तपासतो, नवे रिपोर्ट बघतो. ट्रायब्युनलही सगळं प्रकरण नव्यानं पाहतं, आधी दिलेले नसलेले पुरावेही विचारात घेतं. निर्णय कायम ठेवणं, बदलणं, रद्द करून स्वतःचा निर्णय देणं किंवा फेरविचारासाठी परत पाठवणं, हे सगळे अधिकार त्याला आहेत. कायद्यात नसलेली मदत मात्र ते देऊ शकत नाही.

आमच्या बाबतीत फेरतपासणीच्या वेळी नवे कागद तयार नव्हते, त्यामुळे पुन्हा नकार आला. ट्रायब्युनलकडे जाताना मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्टनं घरी येऊन केलेला रिपोर्ट होता आणि माझी दोन पानांची नवी चिठ्ठी होती. सुनावणीची वेळच आली नाही. आधीच्या चर्चेच्या बैठकीतच अर्ज मान्य झाला.

यात सात महिने गेले. तेवढे दिवस काकू रात्री उठत राहिल्या. माझी पहिली चिठ्ठी नीट असती, तर कदाचित हे टळलं असतं.

माझी विनंती

"कसं चाललंय?" या प्रश्नाला "बरं आहे" म्हणायची आपल्याला सवय आहे. डॉक्टरांपुढे ती बाजूला ठेवा. आठवडाभर वहीत लिहा : कशाला मदत लागली, किती वेळा, कोणी केली. चांगल्या दिवसांसोबत वाईट दिवसही लिहा. वही डॉक्टरांना दाखवा आणि त्यातलं चिठ्ठीत आलं आहे ना, ते वाचून बघा. नकाराच्या पत्रावरची तारीख लगेच कॅलेंडरवर मांडा. अपिलात मदत करणारे कार्यकर्ते मोफत मिळतात, त्यांना फोन करा.

काकांकडे आता सकाळी मदतनीस येतो. परवा काकू पहिल्यांदाच स्वतःचं ब्लडप्रेशर तपासायला आल्या.