पावडर लागलेल्या नोटा

काल रात्री सांगलीहून साताऱ्याला परतताना एसटीत डोळा लागला नाही. गाण्याचा कार्यक्रम रंगला होता. तरी डोळ्यांपुढे येत होती आमच्या तबलजीची बोटं, पावडरीनं पांढरी झालेली, सभागृहाच्या भाड्यातला आपला वाटा मोजणारी. वाजवलं त्यानं, पैसेही त्यानंच भरले.

१८४३ साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं, ते इथले राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. १८५१ मध्ये राजे गेले, आश्रय सुटला, भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. पुढे मुंबईत तिकीट लावून खेळ केले. जत्रेतल्या तमाशाला तर आजही गाव वर्गणी काढून सुपारी देतं. तिथं कलावंताला कुणीतरी बोलावलेलं असतं. आम्हाला कुणी बोलावत नाही, आम्हीच दार ठोठावतो. हे जास्त लागतं का मनाला? असेल.

सभागृहाची वीज, झाडलोट फुकट होत नाही, हे पटतं. पण आगाऊ रक्कम आणि जोखीम, दोन्ही गाणाऱ्याच्याच माथी का? जागेनं तिकिटांतला ठरलेला हिस्सा घ्यावा. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर दोघांनी सोसावं. सोमवारी साताऱ्यातल्या एका सभागृहात हेच विचारणार आहे. तबलजीला सोबत न्यावं की नाही, अजून ठरत नाही.