सोनं गहाण पडतं

बाईंच्या वहीतल्या एका ओळीवर लाल शाईची आडवी काट आहे. देवाच्या लेखी माणूस मौल्यवान आहे, अशा अर्थाची ती ओळ. बायबलमधल्या १३९ व्या स्तोत्राचं सार बाईंनी एका बैठकीत लिहून काढलं होतं आणि बुधवारच्या महिला सभेत वाचूनही दाखवलं होतं. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या मावशींनी विचारलं, “बाई, मौल्यवान म्हंजे सोन्यावानी ना?” बाई म्हणाल्या, हो, तसंच. मावशी जराशा थांबल्या. “सोनं तर गहाण पडतंय की.”

सभेत हशा पिकला. ज्यांची बोरमाळ पतपेढीत अडकून पडली होती, त्या सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. बाई मात्र घरी पोचेपर्यंत गप्प होत्या.

बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, लोकांच्या तोंडी अजून ‘नगर’च्या, एका कोरडवाहू गावात राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी एक काम अंगावर घेतलं: स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं बोलीत सांगायची. छापील भाषांतरं आहेत आणि ती चांगलीही आहेत. पण सभेला येणाऱ्या बायकांना ती ऐकताना वर्गात बसल्यासारखं होतं. स्तोत्रांची मूळ भाषा हिब्रू. ती बाईंनी साठीनंतर अक्षरओळखीपासून सुरू केली. एका बाजूला शब्दकोश, दुसऱ्या बाजूला वही, मध्ये चष्मा, असं अडखळत एकेक ओळ पार करण्याइतकी ती आता येते.

मावशींच्या प्रश्नानंतर त्यांनी स्तोत्रं पुन्हा उघडली, ती एकच गोष्ट शोधायला. माणसाची किंमत सांगायची असते तेव्हा हे कवी नेमकं काय म्हणतात? ‘किमती’ या अर्थाचं ‘याकार’ हे मूळ तिथे आहेच. ७२ व्या स्तोत्रात ते येतं. पण तिथे राजाच्या नजरेत किमती ठरतं ते गोरगरिबांचं रक्त. अशा थोड्या जागा सोडल्या, तर बाईंच्या हाताला विशेषणं फारशी लागेनात. लागली ती क्रियापदं. देव मोजतो, विचारतो, आत घेतो, मागे येतो, भरून ठेवतो, विणतो. माणूस किती भारी आहे याचं वर्णन नाही. त्याच्यासाठी कुणीतरी किती राबतंय, त्याचा हिशेब आहे. बाईंनी लाल पेन काढलं आणि ‘मौल्यवान’ खोडलं.

आठव्या स्तोत्रापासून त्यांनी नव्यानं सुरुवात केली. कवी रात्रीच्या आभाळाकडे पाहतो, चंद्र-तारे पाहतो आणि स्वतःच चकित होऊन विचारतो, की एवढ्या पसाऱ्यात माणसाची आठवण तुला राहतेच कशी? हिब्रू कवितेत यमक बहुधा नसतं. एक ओळ जे म्हणते तेच दुसरी वेगळ्या शब्दांत म्हणते आणि म्हणता म्हणता एक पाऊल पुढे टाकते. रॉबर्ट लोथ या इंग्रज पंडितानं १७५३ मध्ये छापलेल्या आपल्या व्याख्यानांत ही रीत नीट उलगडून दाखवली. जात्यावरची ओवी ऐकत वाढलेल्या बायकांना ती समजावून सांगावी लागत नाही. पहिली ओळ खुंट्याला हात घालते, दुसरी घास टाकते.

इथे पहिल्या ओळीत ‘झाखार’ आहे, म्हणजे आठवण ठेवणं. दुसऱ्या ओळीत ‘पाकाद’. या शब्दापाशी बाई दोन आठवडे अडल्या. पाकाद म्हणजे जातीनं लक्ष घालणं, भेटीला येणं. सैन्याची मोजदाद करायलाही हेच क्रियापद. रूथच्या पुस्तकात बेथलेहेमचा दुष्काळ सरतो आणि लोकांच्या तोंडी भाकरी पडते, तेव्हा देवानं लोकांचं जे केलं ते पाकादच. म्हणजे आठवण लांबूनही काढता येते. पाकाद करायला उठून यावं लागतं. आणि एकेकाला मोजावंही लागतं. बाईंना शब्द सुचला तो शाळेतला: हजेरी.

तो शब्द लिहिताना त्यांना एक जुनं हजेरीपुस्तक आठवलं. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी सातारा जिल्ह्यात काढली होती. तिसरीच्या वर्गात एका मुलीचं नाव होतं नकुसा. मुलगा हवा असताना पाठोपाठ मुली झाल्या, की शेवटच्या मुलीला असं नाव द्यायची चाल तिथे होती. २०११ मध्ये त्याच जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभानं नवी नावं देण्यात आली, तेव्हा कुठे या चालीचा बोभाटा झाला. बाईंनी त्याआधी किती तरी वर्षं, एक अख्खं शैक्षणिक वर्ष, रोज सकाळी ते नाव पुकारलं होतं. “नकुसा.” “हजर, बाई.” त्यांना ते कधी खुपलं नव्हतं. नको असलेलीला रोज हाक मारायची आणि तिनं रोज ‘हजर’ म्हणायचं. हजेरी नुसती नोंदही असते, हे बाईंना या स्तोत्रापाशी उमगलं. त्यांनी ‘हजेरी’वर काट मारली आणि ‘विचारपूस’ लिहिलं. विचारपूस करणारा दारात उभा असतो, निदान ओट्यावर तरी.

तेविसावं स्तोत्र सगळ्यांना पाठ. नगरच्या माळावर धनगरांचे वाडे उतरतात, त्यामुळे मेंढपाळ कोण हे सांगायला चित्र लागत नाही. पाय मोडलेलं कोकरू खांद्यावर घेऊन चालणारा माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. बाईंनी लक्ष वेधलं ते सर्वनामाकडे. सुरुवातीला कवी देवाविषयी बोलतो: तो चारतो, तो नेतो, तो विसावा देतो. मग काळोखी दरी येते, आणि नेमक्या त्या ठिकाणी ‘तो’चा ‘तू’ होतो. उजेडात कुणाबद्दल बोलता येतं. अंधारात त्यालाच हाक मारावी लागते.

मराठीत हा ‘तू’ फार खोल जातो. सभेतल्या बहुतेक बायका नवऱ्याला ‘अहो’ म्हणतात, सासूला ‘तुम्ही’. सरपंच, तलाठी, डॉक्टर, बँकेतला साहेब, सगळे ‘तुम्ही’. ज्याला बिनधास्त ‘तू’ म्हणता येतं असं मोठं माणूस त्यांच्या आयुष्यात बहुधा एकच असतं, आई. आणि मग देव. वारकरी विठोबाला ‘तू’ म्हणतो, तोच ‘तू’ इथे चर्चच्या सतरंजीवरही आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचा घाट दिला, तेव्हा हा जवळीकीचा सूर त्यांना बाहेरून आणावा लागला नाही. तो तुकोबांपासून हाताशी होता.

त्याच स्तोत्राच्या शेवटी आणखी एक क्रियापद दबा धरून बसलंय. भलाई आणि माया आयुष्यभर कवीच्या मागे येतात. हे ‘मागे येणं’ हिब्रूत ‘रादाफ’ आहे; शत्रू पाठलाग करतो तेव्हाही हाच शब्द. बाईंनी तो पाठलाग तसाच ठेवला. सावकाराचा माणूस मागे लागतो ते ठाऊक असलेल्या बायकांना देवाची माया तशी मागे लागते, हे ऐकून आधी हसू आलं आणि मग त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं.

छप्पन्नाव्या स्तोत्रात पाणी आहे, डोळ्यातलं. पळून पळून थकलेला माणूस देवाला म्हणतो, माझी वणवण तू मोजली आहेस, आता माझी आसवं तुझ्या कातडी बुधलीत भरून ठेव. हिब्रूत इथे एक शब्दखेळ आहे: वणवणीसाठी ‘नोद’ आणि बुधलीसाठीही जवळपास तोच उच्चार. मराठीत तो साधत नाही, बाईंनी नाद सोडला. पण ज्या गावात उन्हाळ्यात टँकरच्या मागे हंडे पळतात, तिथे पाणी भरून ठेवणं म्हणजे काय हे समजवायची गरज नव्हती. सांडलेलं पाणी कुणी भरून ठेवत नाही. देव ते ठेवतो, तेही खारट.

सत्ताविसाव्या स्तोत्रातली एक ओळ बाईंनी बरेच दिवस बाजूला ठेवली होती. आईबापांनी टाकलं तरी देव घेईल, असा तिचा आशय. ‘घेईल’साठी हिब्रूत ‘आसाफ’ आहे. पीक गोळा करून घरात आणणं हे आसाफ. जीव वाचवायला पळत आलेल्याला गावाच्या वेशीआत घेणं हेही आसाफ. ‘स्वीकारील’ हा शब्द त्यांना सरकारी अर्जावरचा वाटला. अखेर भाकरी थापताना शब्द सापडला: पदरात घेईल.

हा शब्द सापडला तेव्हा त्यांना केडगाव आठवलं. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून मुली आणि विधवा घेऊन आल्या आणि दौंडजवळच्या केडगावी ‘मुक्ती’ हा त्यांचा आश्रम उभा राहिला. आईबापांनी टाकलेल्या, किंवा आईबापच न उरलेल्या मुली तिथे शेकड्यांनी होत्या. संस्कृत जिच्या जिभेवर खेळत होतं ती बाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि अख्खं बायबल मुळातून मराठीत आणायला बसली. संस्कृतानं जड झालेली मराठी तिनं मुद्दाम टाळली, कारण वाचणाऱ्या बायका समोर अंगणात होत्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणारे हात तिथल्याच स्त्रियांचे होते. सत्ताविसाव्या स्तोत्राचे खिळे कुणीतरी एकेक उचलून ओळीत बसवले असतील, उलटे, आरशातल्यासारखे. त्या ओळीपाशी तिचा हात थांबला असेल का, हे बाईंच्या मनातून जात नाही.

सगळी स्तोत्रं अशी मायेची नाहीत. हिब्रूत या पुस्तकाचं नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तुती. पण आत सर्वांत मोठा गट आहे तो गाऱ्हाण्यांचा. बाविसाव्या स्तोत्राचा कवी स्वतःला माणूस नव्हे, किडा म्हणतो. अठ्ठ्याऐंशीव्यात तर उजेडाचा कवडसाही नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे आणि पुढे काही नाही. हे सभेत वाचावं की नाही, यावर बाईंचा आणि पाळकसाहेबांचा थोडा वाद झाला. बाईंनी वाचलं. जिचा मुलगा आदल्या वर्षी गेला होता ती मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “एवढं बोलायची मुभा हाये व्हय?”

बाईंनी त्या दिवशी प्रवचन केलं नाही. सासरी रुसून भागत नाही, रुसायचं ते माहेरी, हे समोर बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. ज्या घरात आपल्या रुसण्याची दखल घेतली जाते तेच आपलं घर. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रातला माणूस देवाशी भांडभांड भांडतो. दार सोडून मात्र जात नाही. त्याचं ते भांडण काढून न टाकता कुणीतरी १५० स्तोत्रांत जपून ठेवलं, यातच त्या माणसाची पत काय होती ते कळतं.

एकशे एकतिसावं अगदी छोटं, तीनच वचनांचं. अंगावरचं दूध तुटलेलं मूल आईपाशी बसलंय, इतकंच चित्र. तान्हं आईला बिलगतं ते भुकेनं. दूध तुटलेल्याला आता काही मागायचं नसतं, तरी ते तिच्याचजवळ येऊन बसतं. बाईंनी यावर काहीच लिहिलं नाही. वहीत त्या पानावर फक्त तीन ओळी आहेत आणि खाली बरीच कोरी जागा.

मग पुन्हा १३९. आईच्या पोटात देवानं आपल्याला कसं घडवलं, हे कवी इथे सांगतो. आधी ‘मूत्रपिंडं’ घडवल्याचा उल्लेख आहे. मनातलं खोलवरचं तिथे साठलेलं असतं, असं हिब्रू माणूस मानी. बाईंनी ‘काळीज’ लिहिलं आणि पुढे गेल्या. अडलं ते आणखी पुढच्या एका क्रियापदापाशी. त्याचं मूळ ‘राकाम’. त्यावरूनच ‘रोकेम’, म्हणजे भरतकाम करणारा कारागीर. निर्गमाच्या पुस्तकात देवाच्या मंडपाच्या दारावर निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुतानं सजवलेला पडदा आहे, तो रोकेमच्या हातचा. कवी म्हणतो, तेच काम माझ्यावर झालंय, कुणाला न दिसणाऱ्या जागी.

“विणलं म्हणू?” बाईंनी सभेत विचारलं. एकजण म्हणाली, विणतात ती बाज. दुसरी म्हणाली, “भरलं म्हणा, आम्ही नाही का रुमाल भरायचो लग्नाआधी.” मावशी नेहमीसारख्या भिंतीला टेकून होत्या. “शिवलं म्हणा,” त्या म्हणाल्या. “वाकळंसारखं. वरून एक लुगडं दिसतंय, पर आतली चिंधी कुणाची, कुठली, ते शिवणारीलाच ठावं.”

बाईंनी पडद्याची गोष्ट सांगितली, तलम सुताची, किरमिजी दोऱ्याची. मावशींनी ऐकून घेतलं. “मंग ते नवं कापड आसंल, बाई. आमचं समदं जुनंच.”

यावर कुणाला काही सुचलं नाही. तेवढ्यात चहा आला. बाईंच्या वहीत आता त्या ओळीत दोन शब्द आहेत, पेन्सिलीनं, एकाखाली एक: ‘भरलं’ आणि ‘शिवलं’. लाल पेन पिशवीतून निघालेलं नाही. पुढच्या बुधवारी मावशी अर्धी शिवलेली वाकळ घेऊन येणार आहेत. उलटी बाजू दाखवते म्हणाल्या.