घोडनस

देहाचे जे भाग मुकाट्याने काम करतात, त्यांची नावे आपण सहसा शिकत नाही. हृदय धडधडते, पोट कुरकुरते, दात ठणकतो. म्हणून भाषेत त्यांना मानाचे स्थान. टाचेच्या मागून पोटरीकडे जाणारी ती ताठ दोरी मात्र चिमटीत धरून पाहावी असे कोणाच्याही मनात येत नाही. आमच्याकडे तिला घोडनस म्हणतात. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत हे नाव माझ्या कानांवर फार तर एकदोनदा पडले असेल. २०१८ च्या डिसेंबरात माझ्या डाव्या पायाची घोडनस तुटली आणि पुढे वर्षभर मला दुसरा विषय उरला नाही.

शाळेच्या क्रीडामहोत्सवात शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा खो-खोचा सामना होता. ‘खो’ मिळताच मी डाव्या पायाला जोर देऊन झेप घेतली, तोच मागून कोणीतरी सणसणीत लाथ मारल्यासारखे वाटले. वाळकी फांदी मोडावी तसा आवाजही झाला. रागाने वळून पाहिले, तर मागे कोणीच नव्हते! ही नस ज्यांची तुटते, त्यांपैकी पुष्कळांना असाच भास होतो, हे मला मागाहून कळले. वेदना म्हणावी तशी नव्हती. पाऊल मात्र रिकामे झाले होते. जमिनीला रेटा देण्याची त्याची शक्तीच नाहीशी झाली होती.

डॉक्टरबाईंनी केलेली परीक्षा इतकी साधी की, मी थक्क झालो. त्यांनी मला पालथे निजवले, पावले मेजाच्या कडेबाहेर सोडली आणि उजवी पोटरी हाताने दाबली. उजवे पाऊल आपोआप खाली वाकले. मग डावी पोटरी दाबली. पाऊल हलले नाही. घंटेची दोरी ओढावी आणि घंटा मुकी राहावी, तसे ते झाले.

“सर, दोन वाटा आहेत,” त्या म्हणाल्या. “पाऊल खाली वाकवून बांधून ठेवले आणि पुढे नेमाने व्यायाम केला, तर शिवल्यावाचूनही ही कंडरा जुळू शकते. शिवली, तर पुन्हा तुटण्याचे भय काहीसे कमी. पण जखम चिघळण्याचे किंवा शेजारची संवेदना नेणारी नस दुखावण्याचे भय वाढते. निर्णय तुम्हीच घ्यायचा.”

माझी उंची बेताची आहे. फळ्याच्या माथ्यावर तारीख लिहायची, तर मला चवड्यांवर उभे राहावे लागते. मुलांना गड दाखवायला नेण्याचा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. हे दोन्ही डोळ्यांपुढे आले आणि मी शिवण्याला होकार दिला. शहाण्या माणसाने दुसरी वाट धरली असती, तरी मी त्याला दोष दिला नसता.

कमरेखालचा भाग बधिर करून मला पालथे निजवण्यात आले. कापण्याची रेघ अगदी मधोमध न घेता किंचित आतल्या अंगाला घेतात, कारण ती संवेदना नेणारी नस बाहेरच्या बाजूने जाते. टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरांच्या पट्ट्यात रक्ताचा पुरवठा सर्वांत कमी, आणि बहुधा तेथेच ही कंडरा तुटते. आत दिसले ते डॉक्टरबाईंनी मला नंतर सांगितले : जुन्या सुंभाचा पीळ उलगडावा तशी दोन्ही टोके विसकटली होती. ती सारखी करून, पाऊल खाली झुकवून, बळकट धाग्याने त्यांनी ती एकमेकांशी सांधली.

अंथरुणावर पडल्या पडल्या मला एका शब्दाने फार दिवस गुंतवून ठेवले. आपण रक्तवाहिनीला नस म्हणतो, संवेदना नेणाऱ्या तंतूला नस म्हणतो आणि पोटरी टाचेला बांधणाऱ्या या दोरीलाही नसच म्हणतो! प्राचीन ग्रीकांच्या भाषेतही ‘न्यूरॉन’ हा एकच शब्द दोरीला आणि तंतूला चालत असे. या घोटाळ्यामुळे कंडरेत सुई घातली तर रोग्याला झटके येतील, अशी धास्ती वैद्यांच्या मनात शतकानुशतके राहिली. आपल्या सुश्रुताने मात्र सोळा कंडरा वेगळ्या मोजल्या. तो ज्याला ‘स्नायू’ म्हणतो ते आजचे मांसाचे स्नायू नव्हेत, तर बांधून ठेवणारे धागे. फळ्या दोरांनी आवळून बांधल्या म्हणजे नाव जशी पाण्यात भार पेलते, तसे शरीर या बंधांमुळे भार पेलते, असा त्याचा दृष्टांत आहे. पाश्चात्त्यांनी या कंडरेला ग्रीक वीर अकिलीस याचे नाव दिले. ते १६९३ साली फिलिप व्हरहेयेन या शरीरशास्त्रज्ञाने रूढ केले. मला स्वतःला वीरापेक्षा सुश्रुताची नाव अधिक जवळची वाटते. धावताना ही एक दोरी शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण सोसते. हे काम नावाड्याच्या दोराचेच आहे.

दोन आठवड्यांनी टाके काढले. मग टाचेखाली पाचरी घातलेला एक जाड बूट आला. त्यातली एकेक पाचर काही दिवसांनी काढायची, म्हणजे पाऊल हळूहळू सरळ होते. शिवणाऱ्या धाग्याचे काम टोके जवळ ठेवण्यापुरतेच असते. जोडण्याचे काम शरीर करते, आणि ते सावकाश करते. नवे तंतू प्रथम गवताच्या भाऱ्यासारखे आडवेतिडवे पडतात. बेताचा ताण मिळाला तरच ते एका दिशेने लागतात. ताण अजिबात नसेल तर जोड कच्चा राहतो. अधिक झाला तर तो पुन्हा सुटतो. ही मर्यादा बाहेरून दिसत नाही. पहिले तीन महिने न्हाणीघरातल्या ओल्या फरशीची मला जी भीती वाटली, तिच्यापुढे गडाचा कडा काहीच नव्हे.

त्याच दिवसांत एक विद्यार्थी भेटायला आला. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट याने १२ एप्रिल २०१३ रोजी हीच कंडरा तुटल्यावर बाहेर जाण्यापूर्वी दोन चेंडू शांतपणे जाळीत टाकले आणि आठ महिन्यांच्या आत तो पुन्हा मैदानावर उतरला, असे त्याने मोठ्या उत्साहाने सांगितले. “मग तुम्ही जूनपर्यंत नक्की येणार, सर!” मी आलो, परंतु कुबडीची काठी झाली होती एवढेच. शिंप्याच्या फितीने मोजली, तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा दोन सेंटिमीटरांनी बारीक भरली. ते वर्षभर तारीख लिहायला मी वर्गातल्या उंच मुलीला बोलावीत असे. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले होते.

खरी कसोटी सोपी दिसते : भिंतीला बोटे टेकवायची, एकाच पायावर उभे राहायचे आणि टाच उचलायची. उजवा पाय पंचवीस वेळा सहज उचले. डावी टाच सप्टेंबरपर्यंत जमिनीला खिळल्यासारखी राहिली. मी मनात आज्ञा देई, पोटरी थरथरे, आणि टाच तेथेच. ऑक्टोबरात एकदा ती बोटभर उचलली आणि लगेच खाली आली. पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले, “अहो, काय झाले?” कारण मी एकट्यानेच मोठ्याने “एक!” म्हटले होते.

डिसेंबरात डॉक्टरबाईंसमोर मी भिंतीला बोटे टेकवली. त्या मोजत होत्या. नऊला पाय कापू लागला, दहाला घाम आला, अकराव्याला टाच निम्मीच उचलली. त्यांनी क्षणभर विचार करून कागदावर ‘११’ असे लिहिले आणि मला पुढची तारीख दिली.