शर्यतीपूर्वीचा हिवाळा

शर्यतीच्या दिवशी जमलेल्या मंडळींस स्पर्धकाचे जे दर्शन घडते, ते फार तर तास-दीड तासाचे असते. कोण पुढे गेला, कोण घसरून पडला, कोणाच्या गळ्यात पदक पडले, एवढे पाहून मंडळी घरोघर जातात. परंतु त्या दीड तासाच्या पाठीशी किती पहाटा, किती थंडी व किती कंटाळा उभा असतो, याची कल्पना त्यांस क्वचितच येते. यंदाचा हिवाळा आम्ही आमच्या शाळेतील नववीच्या चार विद्यार्थ्यांसमवेत डोंगर-सायकलीच्या शर्यतीची तयारी करण्यात घालविला. त्यात जे पाहिले ते विद्यार्थिमित्रांपुढे, व विशेषतः पालकांपुढे ठेवावे, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

डोंगर-सायकल ही वस्तू कित्येक वाचकांस नवी असेल. जाड व खाचांचे टायर, रुंद हँडल, धक्के सोसणारा पुढचा चिमटा आणि चढाकरिता हलके गिअर, असे तिचे स्वरूप असते. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मरीन नावाचा जिल्हा आहे. तेथील काही तरुणांनी 1976 साली जुन्या, अवजड सायकली घेऊन एका कच्च्या उतारावर शर्यती लावण्यास आरंभ केला. उतार इतका तीव्र होता की, मागल्या चाकाच्या ब्रेकमधील ग्रीस तापून जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे; त्यावरून त्या वाटेस ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असेच नाव पडले. पुढे वीस वर्षांनी, 1996 च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळास प्रथम स्थान मिळाले.

युरोपात हिवाळ्यात डोंगर बर्फाखाली जातात. तेथील स्पर्धक त्या काळात बर्फावर घसरपट्टीच्या पट्ट्या बांधून फिरतात, घरात स्थिर सायकल चालवितात, वजने उचलतात, आणि वसंत ऋतूत वाटा मोकळ्या झाल्या की शर्यतींस निघतात. आमच्या वाईच्या परिसरात बर्फ नाही. येथे वाटा अडवितो तो पावसाळा. दिवाळीनंतर चिखल वाळून पाऊलवाटा घट्ट झाल्या, तेव्हा आम्ही कामास लागलो. मुलांनी उतरावयाचे ठरविलेल्या शर्यती मार्चअखेरीपासूनच्या होत्या. हाती साडेचार महिने होते.

मुलांची समजूत अशी होती की, पहिल्या दिवसापासून पसरणी घाटात छाती फुटेस्तोवर सायकल दामटावयाची. त्यांस आम्ही धोमच्या रस्त्यास लाविले. कृष्णेच्या काठाने मेणवलीवरून धोम धरणाकडे जाणारा हा रस्ता पुष्कळसा सपाट आहे. नियम एकच: जाताना शेजाऱ्याशी सबंध वाक्य बोलता आले पाहिजे, बोलताना धाप लागली की वेग उतरवावयाचा. मुलांस हे अपमानास्पद वाटले. परंतु शरीरशास्त्र असे सांगते की, अशा दीर्घ व संथ श्रमाने स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात, पेशींतील प्राणवायू वापरणारी यंत्रणा बळावते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे लोटू लागते. हे काम आठवड्यांचे आहे, दिवसांचे नव्हे. पॅरिस येथील 2024 च्या ऑलिंपिक शर्यतीत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचे चाक पंक्चर झाले व तो बराच मागे पडला. तरी शेवटच्या फेरीत पुढे सरसावून त्याने सुवर्णपदक मिळविले. संकटाच्या वेळी उपयोगी पडणारी असली शिल्लक संकटाच्या दिवशी जमा करता येत नाही. ती आधीच साठवावी लागते.

नोव्हेंबरच्या मध्यास एका मुलाचे वडील आम्हांस भेटावयास आले. दारातच उभे राहून ते म्हणाले, “सर, पोरगं तुमच्या शब्दाबाहेर नाही. पण सकाळचा दुधाचा रतीब कोणी घालायचा? माझा गुडघा आता सायकल मारू देत नाही.” हा मुलगा रोज पहाटे काळ्या, जड सायकलीस दोन किटल्या अडकवून सात किलोमीटरांवरील आपल्या वाडीतून गावात येई, घरोघर दूध घाली व चढ चढून परत जाई. आम्ही कागदावर हिशेब मांडला. दिवसास 14, म्हणजे आठवड्यास 98 किलोमीटर! आम्ही त्यांस म्हणालो, “रतीब मुळीच बंद करू नका. धोमच्या रस्त्यावर इतर मुले जे मिळवू पाहत आहेत, ते तुमच्या मुलाने दोन वर्षांपूर्वीच कमाविण्यास आरंभ केला आहे.” त्या दिवसापासून त्याचा रतीब हीच त्याची संथ सवारी ठरली. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आपली वापरलेली डोंगर-सायकल दिली होती, तिच्यावर तो इतरांसह फक्त घाटाचा व पाऊलवाटांचा सराव करी.

डिसेंबरपासून आम्ही एक वही घातली. प्रत्येकाने सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी आपल्या नाडीचे मिनिटाचे ठोके मोजून तीत लिहावयाचे. श्रमांतून शरीर सावरले नसेल किंवा ताप येऊ घातला असेल, तर हा आकडा नेहमीहून वर जातो. तीन आठवडे श्रम व चौथा आठवडा हलका, तसेच रविवारी पूर्ण विश्रांती, असा क्रम होता. कारण बल वाढते ते श्रमाच्या घटकेस नव्हे, तर त्यानंतरच्या विश्रांतीत व झोपेत; श्रम हे केवळ त्याचे निमंत्रण होय. सहा दिवस काम व सातवा दिवस विसावा हा नियम आपण पवित्र शास्त्रात बालपणापासून वाचीत आलो आहोत. त्याची साक्ष एका शाळकरी वहीत मिळावी, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले. तिघांचे आकडे शनिवारी चढत व सोमवारी उतरत. चौथ्याचा आकडा मात्र चढे तो उतरतच नसे.

ही गोष्ट प्रथम मुलांच्याच लक्षात आली. वहीवर बोट ठेवून त्यांपैकी एकाने विचारिले, “सर, याचा रविवार कोठे आहे?”

प्रश्न रास्त होता. गाई-म्हशी रविवार पाळीत नाहीत. आम्ही उत्तर शोधीत असता तिघांनी आपसांत ठरवूनही टाकिले की, दर रविवारी आळीपाळीने एकेकाने वाडीस जाऊन रतीब घालावयाचा व दूधवाल्या मित्रास झोपू द्यावयाचे. पहिल्या रविवारी निम्मी किटली रस्त्यात सांडली व दोन घरे चुकली. दुसऱ्या रविवारी मुलाच्या वडिलांनी पाहुण्याची सायकल स्वतः तपासून किटल्या बांधून दिल्या. तिसऱ्या रविवारी चहा मिळाला. काम उपासनेच्या वेळेपूर्वी आटोपत असे. आणि शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेल्या बैलासंबंधी प्रभूने परुश्यांस जो प्रश्न केला, तो ज्यांच्या ध्यानात आहे त्यांस यात विश्रांतिदिनाचा भंग दिसणार नाही.

परंतु एका पालकांनी आम्हांस गाठून स्पष्ट विचारिले, “आमच्या मुलाने आपली विश्रांती मोडून दुसऱ्याचा शीण का उतरवावा? दोघे एकाच गटात आहेत. उद्या तोच याच्यापुढे जाईल.” या प्रश्नास आम्ही गोड उत्तर दिले नाही. “होय,” आम्ही म्हणालो, “तसे होणे अगदी संभवनीय आहे. मुलास हे ठाऊक आहे. थांबावयाचे की नाही, हे त्यालाच ठरवू द्यावे.”

जानेवारीत कठीण कामास प्रारंभ झाला. आठवड्यातून दोनदा, वाहनांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, डोक्यास हेल्मेट व सायकलीस दिवा लावून पसरणी घाट: चार मिनिटे जोराची, चार मिनिटे हलकी, अशा पाच आवृत्त्या. शनिवारी शाळा सुटल्यावर पांडवगडाच्या पायथ्याच्या पाऊलवाटा. तेथे मुले उताराची विद्या शिकली: दोन्ही पायंडे एका पातळीत ठेवून उभे राहावयाचे, वजन मागे न्यावयाचे, आणि नजर पुढल्या चाकावर न ठेवता पुढल्या वळणावर ठेवावयाची. जो दगडाकडे पाहतो तो दगडावरच जातो, हे दोघांनी गुडघे फोडून घेऊन सिद्ध केले. रोज सायंकाळी साखळी पुसणे व बैठका काढणे हाही अभ्यासाचाच भाग होता. खाण्यास भाकरी, उसळ, दूध, केळी व गूळ-शेंगदाणे. यापलीकडे कोणताही डबा विकत आणिला नाही.

जानेवारीच्या अखेरीस वाई ते पाचगणी हा सुमारे 12 किलोमीटरांचा व साडेपाचशे मीटरांहून अधिक चढाचा घाट घड्याळ लावून घेतला. दूधवाला मुलगा पहिला आला. ज्यांच्या वडिलांनी प्रश्न केला होता, तो जवळजवळ दोन मिनिटांनी मागाहून आला. तो बराच वेळ हँडलवर मान टाकून उभा होता. आम्हीही त्याच्याशी बोललो नाही. लगतच्या रविवारी पाळी त्याचीच होती. साडेपाच वाजता तो किटल्या घेऊन वाडीहून निघाल्याचे आम्हांस दूधवाल्याच्या वडिलांकडून कळले. ते म्हणाले, “वेळेच्या आधीच आला होता, सर.”

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात शर्यतीचा दाखला घेतला आहे. करिंथ शहराजवळ मोठे क्रीडासामने भरत व विजयी वीरास पानांचा मुकुट मिळे. थोड्या दिवसांत तो सुकून जाई. तो अध्याय आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकविला, पण न सुकणारा मुकुट कशाचा असतो, हे मुलांस सांगताना आमच्याजवळ यापूर्वी इतके जवळचे उदाहरण नव्हते.

हा अंक छापखान्यात जात असता शर्यत अद्याप व्हावयाची आहे. चौघांपैकी कोणास पदक मिळेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही; प्रत्येकाने जिंकण्याचा पुरा यत्न करावा, अशीच त्यांस आमची आज्ञा आहे. पालकांस मात्र एवढीच विनंती की, मुलगा घरी परतल्यावर तो कितवा आला हे अवश्य विचारावे, पण त्याने हा हिवाळा कसा घालविला हेही विचारावे. शर्यती संपल्यावरही रविवारची पाळी चालू ठेवण्याचे मुलांनी ठरविले आहे. निदान पावसाळा लागेपर्यंत तरी, असे ते म्हणतात. देवबाप त्यांस बळ देवो.