शांत गाव, ओस गाव

लेक डब्लिनला असते, त्यामुळे तिच्याकडे गेलो की थोडीफार भटकंती होतेच. यावेळी तिने हॉटेल न घेता पश्चिम किनाऱ्यावरच्या ॲकिल बेटावर आठवडाभरासाठी एक अख्खं घरच भाड्याने घेतलं. याला तिकडे 'सेल्फ केटरिंग' म्हणतात. म्हणजे घर त्यांचं, भांडीकुंडी त्यांची, स्वयंपाक मात्र आपला! "सुट्टीतही पोळ्याच लाटायच्या का?" असं ह्यांनी विचारून घेतलं. (पोळ्या मी लाटते, प्रश्न ह्यांना पडतात.) पण खरं सांगू का, आमच्या वयाला हेच बरं. सकाळी उठल्या उठल्या आल्याचा चहा, रात्री मऊ आमटी-भात, आणि कुणाच्या वेळा सांभाळायला नकोत.

बेट म्हटलं तरी होडीत बसावं लागत नाही, पूल आहे. डब्लिनहून गाडीने चारेक तास. जूनमध्ये रात्रीचे दहा वाजले तरी उजेड असतो. रस्त्यावर मेंढ्या निवांत बसलेल्या, कुणाची कुठली ते कळावं म्हणून अंगावर रंगाचे पट्टे. गाड्यांचे भोंगे नाहीत, लाउडस्पीकर नाहीत. पहिले दोन दिवस त्या शांततेनेच मी हरखून गेले.

तिसऱ्या दिवशी स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी गेलो. तिथे मैलभर अंतरात ऐंशी ते शंभर दगडी घरं ओळीने उभी आहेत. नुसत्या भिंती, छपरं केव्हाच गेलेली. बहुतेक घरं एका खोलीची. आसपासच्या उतारावर गवताखाली अजूनही वरंबे दिसतात. बटाट्याचे!

आपल्याकडे बटाट्या-टोमॅटोवर येतो तोच करपा १८४५ साली तिथे आला आणि गरिबाचं एकमेव अन्न जमिनीतच कुजलं. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि साथींनी गेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. १८४१ साली आयर्लंडची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती. आज उत्तर-दक्षिण दोन्ही भाग मिळून ती ७० लाखांच्या आसपास आहे. या गावातली सगळीच घरं काही दुष्काळाने ओस पडली नाहीत. काहींना जमीनदारांनी हुसकावलं, काही समुद्रकाठी राहायला गेले, काही घरं पुढेही उन्हाळ्यात गुरं चारणारे वापरत. पण ज्या शांततेचं मी दोन दिवस कौतुक करत होते, तिच्यात ही न परतलेली माणसंही होती.

मला १९७२ आठवलं. मी तेव्हा नुकती शाळेत लागले होते. रेशनवरची लाल मिलो, मुलांना मिळणारी सुकडी, आणि दुष्काळी कामावर खडी फोडणारे पालक. आयर्लंडमध्येही सरकारने खडी फोडायची, रस्ते बांधायची कामं काढली होती. पण मजुरी इतकी तुटपुंजी की महागलेलं धान्य परवडेना. आणि त्याच काळात तिथून धान्य बाहेर जात होतं! आपल्याकडे हाल पुष्कळ झाले, पण काम मिळालं, धान्य बाहेरून का होईना पण आलं, आणि गावंच्या गावं जगली. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या लाल भाकरीला आम्ही तेव्हा किती नावं ठेवली! पीक निसर्ग बुडवतो, पण माणसं जगवायची की नाही ते माणसंच ठरवतात.

असो. एवढं वाचून जाणं रद्द करू नका, जरूर जा. स्लीव्हमोरला घाई न करता हिंडा. आणि हो, हिंग आणि छोटा कुकर बरोबर ठेवा. बटाटे तिथले फार चविष्ट असतात.