सासूबाईंचं दिग्व्रत आणि मुलाचे गुण



गेल्या महिन्यात मुनिसंघ विहार करत देगलूरला येणार असं कळलं आणि मंदिरात आम्हा बायकांची बैठक बसली. चौके किती लावायचे, हा विषय. पूर्वी हा प्रश्नच पडत नसे. आडाचं पाणी आणायला एक, धान्य शोधायला दोघी, जात्यावर एक, चुलीशी दोघी, आणि पडगाहनाला कलश घेऊन दारात उभं राहायला जोडपं, एवढी माणसं एकेका घरात असत. या वेळी बोटांवर मोजायला लागलो तर बहुतेक घरांत साठीपुढची एकटी बाई. सुना पुण्याला, हैदराबादला. माझी कॅनडात.

एक काकू म्हणाल्या, "आजकालच्या पोरींना एकावरच समाधान. तीन तरी पाहिजेत, नाहीतर समाज संपला." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी येताना मात्र चरचरलं. दोन मुलांवर थांबायचं मीच ठरवलं होतं आणि ऑपरेशनला माझ्या पायांनी गेले होते. तेव्हा समाज आठवला नव्हता. आठवली होती ती दुकानाची उधारी आणि मुलांची फी.

काकूंची काळजी खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत आपण जैन देशात साडेचव्वेचाळीस लाख होतो, त्यातले चौदा लाख एकट्या महाराष्ट्रात. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या १७ टक्क्यांहून जास्त वाढली, आपली साडेपाच टक्केसुद्धा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जैन बाईमागे सरासरी १.२ मुलं निघाली, सगळ्या धर्मांत कमी. पुढच्या पाहणीत आकडा १.६ झाला, पण एक पिढी जाऊन तेवढीच दुसरी यायला २.१ लागतात.

आता गंमत बघा. माझा मुलगा ज्या कॅनडात आहे, तिथे २०२३ मध्ये हाच आकडा १.२६ होता. म्हणजे मुलांच्या बाबतीत तो एवढा मोठा देश आणि आपला एवढासा समाज एकाच पंगतीत. दक्षिण कोरियात तर ०.७२. म्हातारे वाढतात, कमावते हात कमी पडतात, मग पेन्शन कुणाच्या करातून द्यायची आणि दवाखान्यात उशाशी कुणी उभं राहायचं? कॅनडाने उत्तर काढलं, बाहेरून माणसं आणा. जून २०२३ मध्ये त्यांची लोकसंख्या चार कोटींवर गेली आणि त्या वर्षीची जवळजवळ सगळी वाढ बाहेरून आलेल्यांची होती. माझी सून तिथे वृद्धाश्रमात काम करते. परक्या आजीबाईंना भरवते, त्यांचे केस विंचरते. माझे गुडघे इथे मी एकटी चोळते. हे रडगाणं नाही, हिशेब आहे.

पण माणसं भराभर आली, तेवढी घरं उभी राहिली नाहीत. भाडी चढली, दवाखान्यात रांगा लागल्या, लोक कुरकुरू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने आकडा खाली आणला. २०२५ साली पाच लाखांना कायमचं राहू द्यायचं ठरलं होतं, त्याचे ३ लाख ९५ हजार केले, आणि पुढच्या वर्षांसाठी आणखी कमी. शिक्षणाला आणि कामाला तात्पुरते आलेल्यांनाही कात्री लागली. कायमचं राहण्यासाठी गुण मोजतात. वय, शिक्षण, भाषा, अनुभव. तिशी लागली की वयाचे गुण दर वर्षी उतरायला लागतात. माझा मुलगा तेहतीसचा. त्याचे गुण पुरत नाहीत आणि कामाचा परवाना उन्हाळ्यात संपतो.

फोनवर तो म्हणाला, "आई, बहुतेक परत यावं लागेल."

मी म्हटलं, "होईल रे काहीतरी." पण खरं सांगते, पोटात आनंदाची उकळी फुटली होती. त्याच्या आवाजात रडू होतं आणि मी मनातल्या मनात वरच्या खोलीला रंग द्यायला काढला होता. त्या संध्याकाळी सामायिकाला बसले, तर चित्त लागेना. लेकराच्या दुःखावर आपलं सुख उभं राहतंय, याला काय म्हणायचं?

सासूबाई आठवल्या. त्यांनी दिग्व्रत घेतलं होतं. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, उत्तरेला हस्तिनापूर, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. त्यांचं पाऊल कधी मोडलं नाही. पण त्या घराण्याचं मूळ काय? माझे आजेसासरे निजामाच्या राज्यात औशाकडून कापडाचे गठ्ठे घेऊन या गावात आले. इथे कुणी त्यांचे गुण मोजले नाहीत. गिऱ्हाईक मराठी बोले, तेलुगू बोले, कन्नड बोले, उर्दू बोले. सासूबाई मदनूरकडच्या बायकांना साड्या दाखवताना तेलुगूत आकडे मोजत. आपणही कुणाच्या तरी गावात बाहेरून आलेलेच आहोत, हे मंदिरात माना हलवताना विसरायला होतं.

आणखी एक विसरतो. आपण मुंगी वाचवायला रस्ता झाडून चालण्याचा धर्म सांगतो, आणि २००१ च्या जनगणनेत आपल्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८७०. २०११ मध्ये ८८९. आज दुकानावर बसणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत म्हणून आपण मुलींच्या शिक्षणाला आणि पुण्याच्या हट्टाला नावं ठेवतो. ज्या जन्मालाच आल्या नाहीत, त्यांचं नाव बैठकीत कुणी काढत नाही. संख्येची काळजी करायची तर तिथून करावी.

दोन दिवसांनी सुनेचा फोन आला. ती हळूच म्हणाली, "आई, परत आलो तर देगलूरला मी काय करू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. चौक्याला हात हवेत म्हणून ये, असं कुठल्या तोंडाने सांगू? तिसरं मूल समाजासाठी हो, असं तर जन्मात सांगणार नाही. कॅनडाला ती वृद्धाश्रमासाठी हवी होती, आम्हाला चौक्यासाठी. तिला काय हवं, हे दोन्हीकडे कुणी विचारलंच नव्हतं. मग मी विचारलं. ती बराच वेळ बोलली. नांदेडला एखादं केंद्र काढावं, घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बघणारं, असं तिच्या मनात आहे. होईल की नाही ठाऊक नाही. कदाचित परवाना वाढेलही आणि ते तिथेच राहतील. तिथे दिगंबर-श्वेतांबर एकाच मंदिरात पर्युषण आणि दशलक्षण मिळून अठरा दिवस करतात. तिथेही धर्म आहेच.

संघ आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी मिळून एक चौका लावला. आडाचं पाणी यांनी ओढलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा धोतर खोचून आडावर गेले आणि दोन खेपांत दमले. धान्य शोधायला शेजारच्या दोघी बसल्या. दारात कलश घेऊन आम्ही दोघंच उभे राहिलो. महाराजांची विधी आमच्याकडे मिळाली, निरंतराय आहार झाला.

रात्री मुलाला फोन करून सांगितलं, "आमच्यासाठी म्हणून येऊ नको. आमच्यासाठी म्हणून राहूही नको. दोघं मिळून ठरवा."

वरच्या खोलीचा रंग मात्र मी देऊन घेतला. कुणीही आलं तरी खोली स्वच्छ असावी.

तुमच्या घरी काय चाललंय, कळवा. उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.